मुदीची शेवंती, पूर्ण भावात

सा देक
दहावा महिना, पौर्णिमा

धाकल्या,

फोन करून करून माझं बोट झिजलं. दर वेळी तुझ्या कचेरीतली ती क्वेन फोन उचलते आणि मधाळ आवाजात सांगते, "सर सत्रात आहेत." सत्र म्हणजे काय असतं ते मला माहीत नाही, पण पावसाळा संपला तरी तुझं सत्र काही संपत नाही. म्हणून हे पत्र. तांदळाच्या शेवयांच्या गाडीबरोबर पाठवतेय. ड्रायव्हर तुझ्या कचेरीखालच्या खानावळीतच माल उतरवतो. सोबतच्या शेवया ताज्या आहेत, उद्याच्या आत खा.

मुद्द्याचं लिहिते. शेवंतीचा व्यापारी परवा येऊन गेला. आपल्या ओळीतल्या बागांच्या, पाण्यावर बांधलेल्या सगळ्या मचाणांमधून त्याने होडी फिरवली, शेवंती पाहिली, खूश झाला. एकेक झाड असं भरलंय, जशी ताटात पाडलेली भाताची मूद. इसार द्यायला त्याने पिशवीत हात घातला, आणि शेजारच्या काकू त्याला म्हणाल्या, "इसार राहू द्या. यंदा आम्ही आमचा माल स्वतः सायगॉनला नेणार आणि आमच्या भावात विकणार."

त्याला वाटलं, बाई भाव वाढवून मागतेय. तो हसला. तर काकूंनी वर बोट दाखवलं. वर फलक टांगलाय, काकूंच्या जावयाने छापून आणलेला. त्यावर तू. कोट, टाय, हाताची घडी. खाली लाल अक्षरांत: 'भाव झुकला की माणूस झुकतो.' व्यापाऱ्याने तुझ्याकडे पाहिलं, पिशवीचा बंद ओढला आणि गेला. काकूंच्या मागोमाग सगळ्या ओळीने त्याला नाही म्हटलं.

तुझं ते भाषण इथे आता शेंबड्या पोरांनाही पाठ आहे. कॉफीच्या टपरीत झोळ्यांवर आडवं पडून लोक मोबाइलवर तेच लावतात. 'टेटच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या आदल्या दुपारी गिऱ्हाईक मुद्दाम थांबून राहतं. फुटपाथ रिकामा करायची वेळ झाली की कुंड्या मातीमोलाने सुटणार, हे त्याला ठाऊक असतं. पण माझी आई झुकली नाही. तिने एकेक कुंडी उचलली आणि फोडली. पुढच्या वर्षी तीच माणसं सकाळपासून रांगेत उभी होती.' टाळ्या. मग तू डोळे पुसतोस. मग पुढच्या कार्यशाळेची तारीख झळकते.

ती रांग कुठे होती रे? पुढच्या वर्षीही आईबरोबर मीच होते. मला तर कोणी दिसलं नाही.

आपली रीत तुला माहीत आहे. अर्धं व्यापाऱ्याला, अर्धं नशिबाला. व्यापाऱ्याच्या पैशात खत, बांबू, कुंड्या निघाव्यात, आणि उरलेलं सायगॉनच्या फुटपाथवर न्यावं. तिथे सोनं होवो नाहीतर माती. ही काही शूरांची रीत नाही. पण हिच्यावर आपण दोघं वाढलो. आणि काकूंनी तुझं ऐकून यंदा शेजारची बागही कसायला घेतली आहे, दुप्पट लावलंय. काका गेल्यापासून त्या एकट्या मांडीभर पाण्यात उभ्या असतात. ही शेवंती वाया गेली तर पुढच्या वर्षी रोपं आणायला काही उरणार नाही. बाग सोडून लेकीकडे कारखान्यांच्या गावात जायचं आणि एका खोलीत नातवंडं सांभाळायची. त्या स्वतःच तसं बोलून दाखवतात, आणि मग तुझ्या फलकाकडे बघून म्हणतात, "पण तसं व्हायचं नाही."

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, धाकल्या. इथे शेळ्या खऱ्या आहेत.

काकूंना एक फोन कर. एवढंच सांग, 'अर्धी देऊन टाका.' व्यापारी अजून काही दिवस इकडेच आहे. माझं त्या ऐकत नाहीत. म्हणतात, "तुझा त्याच्यावर राग आहे म्हणून बोलतेस." राग आहेच. त्याचा शेवंतीशी काय संबंध?

बाबा बरे आहेत. तुझं नाव काढत नाहीत. त्या फलकाखालून होडी नेताना मान खाली घालतात, इतकंच.

लान्ह ताई


सा देक
अकरावा महिना, दहावा दिवस

धाकल्या,

तुझं उत्तर पोचलं. चकचकीत पाकीट पाहून पोस्टमनला वाटलं मला लॉटरी लागली. आत छापील कागद: 'प्रिय उद्योजिका लान्ह, आपल्या प्रश्नाबद्दल आभार. यशस्वी व्यावसायिक अडचण पाहत नाही, तो संधी पाहतो.' सोबत कार्यशाळेचा सवलतीचा पास, पहिल्या रांगेतला. आणि एक कप. कपावर लिहिलंय, 'मी करू शकते'.

तुला न्हाऊमाखू घातलं, तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, आणि आता मी तुझी प्रिय उद्योजिका. कपात बाबा खिळे ठेवतात. कप तसा मजबूत आहे.

तू काकूंना फोन केला नाहीस. व्यापाऱ्याने कालव्याच्या पलीकडच्या बागांना इसार देऊन टाकला. मी त्याच्यामागे होडी घेऊन गेले, म्हटलं, "निदान माझी तरी अर्धी घ्या." तर म्हणतो कसा, "तुमची ओळच नको. आज इसार घ्याल आणि उद्या भाषण ऐकून माल अडवून बसाल." मी काही भाषण ऐकत नाही असं सांगितलं. तो म्हणाला, "भाषण देणारा तुमचाच ना?" म्हणजे आता मीही तुझ्या शूरांच्या पलटणीत. हात दाखवून अवलक्षण काकूंनी केलं, आणि पंगतीला मी.

उत्तरेचा वारा यंदा लवकर सुटला. कळ्या मुठी आवळून बसल्यात. काकू रोज सकाळी एकेका कुंडीपाशी वाकून बघतात आणि कळ्यांना तुझी वाक्यं ऐकवतात. परवा त्यांना म्हणताना ऐकलं, "स्वतःवर विश्वास ठेवा गं." मला हसू आलं आणि मग रडू आलं. दोन्हीचा राग तुझ्यावर काढतेय.

आता खरं आहे तेही लिहिते, नाहीतर म्हणशील ताई नुसतीच कडकड करते. त्या भाषणात एक गोष्ट तू लाखमोलाची सांगितलीस. शहरातली माणसं आता उंच इमारतींत राहतात, लिफ्टमध्ये एवढी मोठी कुंडी शिरत नाही, शिरली तर बाल्कनीत मावत नाही. तेव्हा एका हातात उचलता येईल अशी लहान मूद करा. मी ती करून बघितली. लवकर शेंडे खुडले, खत कमी ठेवलं, आणि काय गोंडस झाल्यात. पाहशील तर विकत घेशील. माझी चिडचिड याचीच होते की तू जे शहाणपणाचं बोलतोस ते कोणाच्या लक्षात राहत नाही. 'कुंडी लहान करा' हे कोणी फलकावर छापत नाही. त्याला टाळ्या पडत नाहीत ना.

आता फोनने भागणार नाही. तू स्वतः ये. बाराव्या महिन्याच्या सव्वीसला आम्ही सगळे ट्रक भरून सायगॉनला येतोय. उद्यानाबाहेरचा तोच फुटपाथ, आई बसायची त्याच झाडाखाली जागा मिळाली आहे. तुझ्या कचेरीपासून चालत येण्यासारखं आहे. ज्यांनी तुझं ऐकलंय त्यांच्याशेजारी येऊन उभा राहा. भाव धरायचा असेल तर त्यांच्याबरोबर धर, सोडायचा असेल तर तू सांग. तू सांगितलंस तरच काकू सोडतील.

बाबांना खोकला आहे. आल्याचा काढा देते.

लान्ह ताई


सा देक
बारावा महिना, तेवीस

धाकल्या,

आज चुलीचे देव वर स्वर्गात गेले, वर्षभराच्या चुगल्या सांगायला. पाटावर गोड ठेवून मी त्यांना म्हटलं, आमच्या धाकल्याचं, खांगचंही कानावर घाला तिकडे.

या वेळी तू स्वतःच्या हाताने लिहिलंस म्हणून आधी बरं वाटलं. मग वाचलं. एकच ओळ. 'ताई, आईची ती गोष्ट माझी आहे, मी ती बदलणार नाही.'

तुझी कशी? तू त्या वर्षी घरी होतास, आजीजवळ. सात-आठ वर्षांचा. फुटपाथवर आईबरोबर मी होते. तुला ती गोष्ट अर्धी ठाऊक आहे, आणि पुढचं अर्धं कोणी तुला सांगितलं नाही, कारण आपल्या घरात कोणी काही सांगत नाही. मी सांगते.

आईने कुंड्या फोडल्या, हे खरं आहे. एक बाई स्कूटरवर बसल्या बसल्याच म्हणाली, "थोड्या वेळाने फुकट देशील, तेव्हा येते." आईने हातातली कुंडी तिच्या चाकाजवळ आपटली. मग दुसरी. मग तिचा हात थांबेना, आणि तिचं बघून ओळीतल्या सगळ्यांनी आपापल्या फोडल्या. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. सगळीकडे माती, खापऱ्या, पिवळी फुलं.

मग झाडूवाली आली. आईच्याच वयाची. तिने फुटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि कडेला बसून स्वतःचे पाय दाबू लागली. नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस झाडू धरायचा नसतो, म्हणजे ते सगळं तिला त्याच रात्रीच्या आत उचलायचं होतं. घरी तिची पोरं वर्षाच्या शेवटच्या जेवणाला थांबली असणार. बाकीचे ट्रकमध्ये चढत होते. आईने तिच्या हातातून झाडू घेतला, दुसरा कुठून तरी आणून मला दिला आणि बाईला म्हणाली, "तू घरी जा."

आम्ही झाडत राहिलो, ट्रक गेला. तेव्हा नदीवर पूल नव्हता. नावेची शेवटची फेरी चुकली, पहाटेच्या पहिल्या फेरीने आम्ही नदी ओलांडली.

त्याच्यापुढचं तुला माहीत आहे, कारण ते तू पाहिलंस. आजीने नव्या वर्षाच्या पहिल्या पावलासाठी भातगिरणीच्या मालकांना बोलावलं होतं. भरल्या घरचा माणूस, त्याचं पाऊल आधी पडलं की वर्ष भरलेलं जातं. त्यांच्याआधी रिकाम्या हाताची, मातीने माखलेली सून आत आली तर वर्षभर दळिद्र. म्हणून आजीने फाटक लावून घेतलं. गिरणीवाले सावकाश आवरून, चहा पिऊन आले. तोवर आई बाहेर उभी होती, मी तिच्याशेजारी. तू आतून फटीला डोळा लावून रडत होतास. बाबा अंगणात होते. बाबा काही बोलले नाहीत.

आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला तू हे बाबांना सगळ्यांदेखत ऐकवलंस आणि ताटावरून उठून गेलास. मी तेव्हाही तुला चूक म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. बाबांना ऐकायलाच हवं होतं ते.

आणि तू भाषणात आईला का जिंकवतोस तेही मला कळतं, मी काही दगड नाही. फाटकाबाहेर उभी असलेली आई तुला सोसत नाही, म्हणून तू तिला फुटपाथवर राणी करून ठेवलीस. कर. पण तिला जिंकवायला काकूंच्या कुंड्या कशाला रे?

आई त्या कुंड्यांबद्दल माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. एकदाच, आजारी असताना म्हणाली, "त्या झाडूवालीचं नाव विचारायचं राहिलं."

परवा ट्रक भरणार. काकूंनी फलक आतापासूनच गुंडाळून ठेवलाय, ट्रकमध्ये तो सगळ्यात आधी, कुंड्या नंतर. फुटपाथवर ये.

लान्ह ताई


सायगॉन, फुटपाथ
बारावा महिना, अठ्ठावीस

धाकल्या,

घाईत लिहितेय, गुडघ्यावर कागद ठेवून.

माझ्या लहान कुंड्या आजच संपल्या. लोक दोन हातांत दोन घेऊन गेले. एका म्हाताऱ्या जोडप्याने तर लिफ्टची मापं कागदावर लिहून आणली होती. तुझ्या डोक्यातून निघालेली एकमेव उपयोगी गोष्ट, आणि तिचं श्रेय घ्यायला तू इथे नाहीस.

काकूंचं निराळंच चाललंय. फलक झाडाला बांधलाय, त्याच्याखाली स्टूल टाकून बसल्यात. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं. काकू सांगतात. गिऱ्हाईक म्हणतं, "थोडं कमी करा की मावशी." काकू वर बोट दाखवतात. गिऱ्हाईक तुझा फोटो बघतं, वाचतं आणि म्हणतं, "बरं बरं, तीसला येतो, शेवटच्या दिवशी." दिवसभर हेच.

मी त्यांना म्हटलं, "काकू, पूर्ण उमललेल्या आज थोड्या कमी भावात काढा. कळ्यांच्या कुंड्या मागे ठेवा, त्यांना परवा भाव मिळेल."

"उमललेल्या पुढे मांडल्या की शोभा येते."

"शोभा परवा गळून पडेल."

"लान्ह, तुझा भाऊ म्हणतो, घाबरतो तो विकतो."

"माझा भाऊ कुठे आहे, काकू?"

त्या फुलांवर पाणी शिंपडत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "येईल. एवढं सगळं सांगितलं त्याने, तो येईल."

मी तुझ्या कचेरीत फोन केला. सर सत्रात. मी विचारलं, "टेटच्या तोंडावर कोण रिकामटेकडं ऐकायला येतं?" क्वेन म्हणाली, "नव्या वर्षाचे संकल्प असतात ना, ताई." मुलीचा आवाज गोड आहे. तिच्यावर चिडता येत नाही, म्हणून सगळं तुझ्या नावावर जमा होतंय.

ऊन कडक आहे. फुलं झपाट्याने उमलतायत. ज्या कळ्यांनी महिनाभर मुठी आवळल्या त्यांना आताच उघडायचं सुचलंय.

ताई


सायगॉन, फुटपाथ
वर्षाचा शेवटचा दिवस, दुपार

धाकल्या,

हे पत्र तुला कुंडीत खोचलेलं मिळेल. ते कसं, ते लिहिते.

सकाळपासून लोक समोरच्या पदपथावर उभे आहेत. हात मागे बांधून, उसाचा रस पीत, जसे काही नाटक सुरू व्हायची वाट बघतायत. विकत कोणी घेईना. पालिकेचा माणूस भोंगा घेऊन दोनदा सांगून गेला, फुटपाथ रिकामा करा. काकूंच्या निम्म्याहून जास्त कुंड्या तशाच. दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. पलीकडे मदतीला आलेल्या त्यांच्या जावयाने पहिली कुंडी फोडली, मग त्याच्या शेजाऱ्याने. समोरच्यांपैकी काहींनी मोबाइल वर धरले.

काकू उठल्या. सगळ्यात सुंदर मूद होती ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. मी म्हटलं, "काकू, नको." त्या म्हणाल्या, "तुझ्या आईने फोडली होती." मी काय सांगणार होते? सगळी गोष्ट सांगायला वेळ कुठे होता? मी त्यांचा दंड धरला. एवढ्यात मागून एक मधाळ आवाज आला. "मावशी, या आता काय भावात सोडताय?"

आवाज मी लगेच ओळखला. वर्षभर ऐकतेय. एक हडकुळी मुलगी, स्कूटरवर, मागच्या सीटला दोऱ्या बांधून तयार.

मी विचारलं, "कोणासाठी गं?"

"कचेरीसाठी. दरवाजाच्या दोन बाजूंना ठेवायला. आमचे सर दर वर्षी सांगतात, शेवटच्या दुपारपर्यंत थांबायचं. तेव्हा मागू त्या भावात मिळतात."

मग तिने मान वर केली आणि झाडावरच्या फलकात आपले सर पाहिले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे नुसतं म्हणायला असतं असं मला वाटायचं. बिचारी पोर लाल झाली. म्हणाली, "या वर्षी सरांनी काही सांगितलं नव्हतं, खरंच. दर वर्षीचं म्हणून मीच आले." मग माझ्याकडे बघून हळूच, "तुम्ही सरांच्या ताई का?"

काकू कुंडी तशीच छातीशी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता ही कुंडी त्या मुलीच्या पायावर पडणार. काकूंनी ती खाली ठेवली. पदराने फुलांवरची धूळ टिपावी तशी बाहीने टिपली. आणि विचारलं, "म्हणजे तोसुद्धा थांबतो?"

क्वेनने खाली बघून मान डोलावली.

"तोसुद्धा समोर उभा राहून वाट बघतो?" असं म्हणून त्या हसायला लागल्या. खो-खो, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. मग स्टुलावर चढून त्यांनी फलकाची दोरी सोडली, खाली उतरल्या आणि समोरच्या पदपथाकडे तोंड करून ओरडल्या, "या रे, या. नाटक संपलं. निम्म्या भावात. ज्याला दोन पाहिजेत त्याने दोन न्या."

धाकल्या, लोक धावत आले. ज्यांनी मोबाइल वर धरले होते तेही. मी बांधून देत होते, काकू पैसे घेत होत्या आणि प्रत्येकाला दम भरत होत्या, "सकाळी यायला काय झालं होतं? पाय मोडले होते?" आणि लोक ओशाळून जास्तीचे देत होते. सगळं काही वसूल झालं नाही, व्हायचंही नाही. शेजारची बाग सोडावी लागेल. पण स्वतःच्या बागेला रोपं येतील. काकू लेकीकडे जाणार त्या नातवंडांना भेटायला, राहायला नाही.

क्वेन एका कडेला उभी होती. शेवटी तिने दोन कुंड्यांचे निम्मे पैसे पुढे केले. काकूंनी हात मागे घेतला. "सगळ्यांना निम्म्यात. तुला पूर्ण. तू त्याच्याकडची." मुलीने पूर्ण भाव दिला. त्या दोन कुंड्या आता तिच्या गाडीला बांधल्यात आणि ती माझं पत्र संपायची वाट बघतेय.

तिने मला एक सांगितलं. माझी पत्रं तू तिला उघडू देत नाहीस. पहिलं तेवढं तिच्या हाती पडलं आणि तिने आपलं नेहमीचं छापील उत्तर धाडलं. त्यावरून तू तिला बोललास. बाकीची तू जिन्यात उभा राहून वाचतोस आणि मग बराच वेळ वर येत नाहीस. मी समजत होते तू सत्रात असतोस.

तेव्हा आता शेवटचं. तू माणसांना धंदा शिकवतोस, मी तुला काय शिकवणार? पण काकूंच्या या तीन तासांवर एक भाषण कर. त्यांनी भाव झुकवला, आणि त्या झुकल्या नाहीत. टाळ्या कमी पडतील. फलक मी सोबत पाठवत नाही. जावयाने फोडलेल्या खापऱ्या त्यावर गोळा करून उचलायला तो बरा पडतोय, कापड जाड आहे.

खापऱ्या पुष्कळ आहेत. बाकीचे लोक आपापल्या गाड्यांकडे गेले. काकूंना मी ट्रकमध्ये झोपायला लावलंय. झाडूवालीला घरी पाठवलं. तिला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. तिचं नाव विचारून घेतलं, आईचं राहिलं होतं म्हणून. लुआ.

आपला ट्रक शहरातून रात्री उशिराच सोडतात. आम्ही वाटेत असतानाच वर्ष बदलेल आणि घरी पोचू तेव्हा पहाट झाली असेल. मी बाबांना विचारलं होतं, यंदा पहिल्या पावलाला कोण? गिरणीवाल्यांचा मुलगा स्वतः येऊन विचारून गेला होता. बाबा त्याला म्हणाले, "या वर्षी मी कोणाला बोलावलेलं नाही. फाटक रात्रभर उघडंच ठेवणार आहे." नारळपाण्यातलं मांस आणि अंडी शिजवून आले आहे, कारल्याचं सूपही आहे. बाबांनी वाट्या काढल्या तेव्हा मी मोजल्या नाहीत, पण वरच्या फडताळातून तुझी निळ्या काठाची वाटी खाली आलेली मी पाहिली.

पूर्ण यायचं असेल तर ये. अर्ध्या भावातलं येणं मला नको. फोन करून चौकशी, क्वेनच्या हातून मिठाई, असलं काही पाठवू नकोस.

मुलगी गाडी सुरू करतेय. लुआने दोन झाडू ठेवले आहेत. दुसरा मी कोणाला दिलेला नाही.

ताई